सातव्या कलमाचा मी लावलेला अर्थ

मी, किशनराव व्यंकटी पांचाळ, वय वर्षे सत्तर, धंदा मोटार दुरुस्ती व लेथकाम, राहणार औसा रोड, लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. साखरेचा आजार आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत लावला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकील गुरुलिंग स्वामी यांनी दोन पानांचा मसुदा करून दिला होता. त्यात फक्त मालमत्ता होती, म्हणून तो बाजूला ठेवून मी हे नव्याने लिहायला घेतलं.

१. राहतं घर माझी पत्नी तारामती हयात असेपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिच्या मागे मुलगा शेषेराव आणि मुलगी शिवगंगा यांना निम्मं निम्मं. "तिला लग्नात दिलं की," असं शेषेराव म्हणेल. लग्नात तिला भांडी दिली, भिंती दिल्या नाहीत.

२. गॅरेजची जागा, लेथ मशीन आणि वेल्डिंगचं सामान शेषेरावाला. अट एकच: दारावरच्या पाटीवरचं माझं नाव पुसू नये. ही अट लिहिताना मला माझी लाज वाटते, तरी अट कायम.

३. पान्यांची पेटी शेषेरावाला. त्या पेटीतला मायक्रोमीटर, केसाएवढी जाडी मोजायचं हत्यार, मात्र माझा नाही. तो निवृत्ती ज्ञानोबा सोनकांबळे याचा आहे आणि त्याला परत द्यावा.

निवृत्ती कोण ते सांगतो. १९६२ साली नांदेडला, लोहा रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. तो देवणीकडचा. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतली आणि पोराला हायस्कुलात घातलं. मी सातवी, तो मॅट्रिक. आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भाकरी भाजली. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणं मला त्याच्यापेक्षा चांगलं जमायचं, हे मी आजही म्हणतो. पण गाडीचं पुस्तक आलं की उस्ताद त्याला हाक मारायचे. "निवृत्ती, वाच. किशन, तू खोल." नऊ वर्षं मी खोलत राहिलो. उस्तादांनी म्हातारपणी दुकान आवरलं तेव्हा मला पाने दिले आणि त्याला मायक्रोमीटर. लातूरला येण्याच्या दिवशी मी तो त्याच्या पेटीतून काढून घेतला. मला त्याचा उपयोग नव्हता. तो त्याच्याकडे असणं मला सहन होत नव्हतं.

पुढे निवृत्तीही लातूरला आला. त्याचं वेगळं दुकान झालं, आमचं येणंजाणं राहिलं. तारामती त्याला भाऊजी म्हणायची. तो आमच्या अंगणात बसून गाडीच्या मागच्या दोन चाकांमधलं डिफरन्शियल कसं फिरतं ते तिला दोन ताटल्या आणि एक वाटी घेऊन समजावून द्यायचा. ती विचारायची आणि तो सांगायचा. मला तिने कामातलं कधी काही विचारलं नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं, पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

४. गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक मोडकी शर्यतीची गाडी आहे. ती निवृत्तीला द्यावी. या कलमाची हकीकत मोठी आहे, पण ती लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

१९८२ च्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. त्या साली पाऊस दगा देऊन गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात औशाकडच्या तलावाची जमीन सिमेंटासारखी कडक होऊन पडली. शहरातल्या काही डॉक्टर-व्यापाऱ्यांनी मोटार क्लब काढला होता. नव्या जिल्ह्याच्या आनंदात त्यांनी तलावाच्या कोरड्या पात्रात शर्यत ठरवली. गाडी स्वतः बांधलेली पाहिजे, भंगारातलं इंजिन चालेल. एका प्राध्यापकांनी कुठल्याशा इंग्रजी नियमांवरून मराठीत चौदा कलमं लिहिली. तांत्रिक परीक्षक म्हणून मला नेमलं. छातीला लावायला पिवळा बिल्ला दिला. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक माझ्या हातात आलं होतं.

सातवं कलम असं होतं: "चालक वगळून गाडीचे वजन शर्यतीपूर्वी व शर्यतीनंतर चारशे किलोपेक्षा कमी नसावे. वजन करतेवेळी गाडीतील तेल, पाणी इत्यादी पूर्ण भरलेले असावे."

सहा जणांनी हे वाचलं आणि वजन भरावं म्हणून गाड्यांना लोखंड जोडलं. शर्यतीच्या चार दिवस आधी निवृत्ती गॅरेजात आला. माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाला, "किशन, सातवं कलम वाच. वजन करताना पाणी भरलेलं असावं, एवढंच म्हटलंय. पळताना असावं असं म्हटलंय का?"

"न्हाई."

"मग मी गाडी तीनशे चाळीसची बांधली. साठ लिटरची टाकी बसवली. पाणी नळीतून ब्रेकच्या ड्रमवर पडत राहील. ब्रेक थंड, गाडी हलकी. शर्यत झाली की टाकी पुन्हा भरायची अन् काट्यावर चढवायची. नियमात बसतं का?"

मी तीन वेळा वाचलं. बसत होतं. मी परीक्षक, दोन आठवडे ते पुस्तक उशाला घेऊन झोपलेला, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "हाव, बसतंय." त्याने कागद पुढे केला आणि मी त्यावर लिहून दिलं: पाण्याची टाकी मान्य. खाली सही केली.

"पाणी कुठून आणणार? प्यायला न्हाई," मी विचारलं.

"तुझ्या हौदातलं दे. सुटे भाग धुतलेलं. तेवढंच बास हाय."

मी दिलं. ग्रीस तरंगणारं ते काळं पाणी त्याने फडक्यातून गाळून तीन पिंपांत भरून नेलं.

शर्यतीच्या दिवशी तलावाच्या काठाने जत्रेसारखी माणसं. वरच्या अंगाला टँकरची वाट पाहत घागरी घेऊन बसलेल्या बायाही उठून आल्या. तारामती माझ्या शेजारी, मांडवात. दहा फेऱ्या होत्या. तिसऱ्या फेरीपासून इतरांचे ब्रेक तापले, वळणावर गाड्या बाहेर फेकल्या जाऊ लागल्या. निवृत्ती वळणात आत शिरायचा आणि तिथून सुटायचा. जमिनीवर त्याच्यामागे दोन ओल्या रेघा उमटत होत्या. पुण्याच्या एका मोटार कारखान्याचे साहेब पाहुणे म्हणून आले होते. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. "हे डोकं कुणाचं? याला पुण्याला पाठवा माझ्याकडे," ते म्हणाले. तारामती टाळ्या वाजवत होती.

निवृत्ती पहिला आला. आणि घागरीवाल्या बायांतून धुरपताबाई म्हणून एक म्हातारी पुढे येऊन ओरडली, "आमच्या लेकरांला प्यायला न्हाई, अन् ह्यो चाकावर पाणी सांडून राहिला!"

गर्दी उसळली. क्लबचे अध्यक्ष घाबरून माझ्याकडे वळले. "पांचाळ मिस्त्री, हे नियमात बसतं का?"

मी लाऊडस्पीकर हातात घेतला. म्हणालो, "दुष्काळात पिण्याचं पाणी वाया घालवणारी गाडी बाद करण्यात येत आहे."

त्यातला 'पिण्याचं' हा शब्द माझा. कोणी मला तो सुचवला नव्हता. मी निवृत्तीकडे बघतच तो उच्चारला.

त्याच्या शर्टाच्या खिशात माझ्या सहीचा कागद होता. त्याची घडी मला मांडवातून दिसत होती. त्याने खिशावर हात ठेवला, मांडवाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. मग दगड आले. गर्दीतून कोणीतरी त्याच्या जातीवरून बोललं. पाणी आणि ती जात एकत्र करून जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही, पण ते लाऊडस्पीकरवरून थांबवणं माझ्या हातात होतं आणि मी थांबवलं नाही. त्याचं डावं मनगट मोडलं. गाडी उलटी केली गेली. टाकी फुटली आणि काळं पाणी धुरपताबाईच्या पायाशी आलं. तिने वाकून बोट बुडवलं, वास घेतला. "हे तर मोटारीचं घाण पाणी हाय," ती म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही. तिने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. पुण्याचे साहेब तोवर निघून गेले होते.

गाडी भंगार म्हणून मी उचलून आणली. कोणाला कळू न देता तिचा एकेक सांधा उघडून पाहिला. इतकं सफाईचं काम माझ्या हातून कधी झालं नाही, हे मला त्या शेडमध्ये कळलं.

५. निवृत्ती नांदेडला गेला. तिथे एका संस्थेत पोरांना मोटारकाम शिकवायला लागला, सव्वीस वर्षं शिकवलं. मला वाटलं होतं तो संपला. पण हैदराबादपासून पुण्यापर्यंत कुठल्याही वर्कशॉपात जावं तर कोणीतरी विचारतं, "तुम्ही लातूरचे? मग सोनकांबळे सरांना ओळखता का?" मी "नाही" म्हणत आलो आहे. माझ्या तेराव्याला कोणी त्याचं नाव काढलं तर घरच्यांनी तरी "हो" म्हणावं.

६. हे कलम सहीच्या दिवशी, घडत गेलं तसं लिहून जोडत आहे; शेवटच्या ओळी सह्यांनंतर दोन्ही साक्षीदारांसमोर लिहिल्या. मी निवृत्तीला बोलावून घेतलं. तो नांदेडहून एसटीने आला. त्याने वकिलांना जयभीम घातला, खुर्चीत बसून वरची पाचही कलमं चष्मा लावून वाचली.

मी विचारलं, "कागद खिशात होता. का काढला न्हाईस?"

"वहिनी तुझ्या शेजारी उभ्या होत्या. सातवा महिना होता. कागद काढला असता तर दगड तिकडं वळले असते."

शिवगंगा त्या वेळी पोटात होती. बायको माझी, लेकरू माझं, आणि ते त्याच्या ध्यानात आलं. हे ऐकून मला त्याचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मला वाटलं, हेही ह्यानेच करावं.

मग त्याने तिसऱ्या आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. "वकीलसाहेब, माणसाला मृत्युपत्रात काय देता येतं?"

"जे त्याच्या मालकीचं आहे ते."

"मग ही दोन्ही खोडा. गाडी माझी हाय, मायक्रोमीटर माझा हाय. किशन मला देणारा कोण? मी आज घेऊन जातो. टेम्पो सांगून आलोय."

स्वामी वकिलांनी पेन उघडून माझ्यापुढे केलं. मी म्हणालो, "बरोबर हाय. बसतंय."

त्यानुसार कलम ३ मधला मायक्रोमीटरचा आदेश आणि कलम ४ मधला गाडीचा आदेश रद्द केले आहेत. हकीकत तशीच ठेवली आहे. शेषेरावाने ताडपत्री काढली. गाडी टेम्पोवर चढवताना तो निवृत्तीला पुढच्या सांध्याबद्दल विचारू लागला आणि दोघं तासभर उन्हात बोलत उभे राहिले. मी ओट्यावरून बघत होतो. माझ्या मुलाला असं विचारताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा साक्षीदार म्हणून शेजाऱ्याला बोलवायचं होतं. निवृत्ती म्हणाला, "मला आता यातून काही मिळत न्हाई. मीच करतो सही." त्याने न वळणारं मनगट कागदावर दाबून धरलं, माझी सही होईपर्यंत पाहिलं, मग स्वतःची केली. वकील कागद उचलू लागले तसं त्याने थांबवलं.

"खाडाखोडीच्या बाजूला तुझी सही राहिली, किशन. दोन्ही जागी कर. न्हाईतर उद्या कुणीबी वेगळा अर्थ काढंल."

मी दोन्ही जागी सही केली.

लिहून देणार: किशनराव व्यंकटी पांचाळ (सही)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत लिहून देणाऱ्याने वाचून, समजून सही केली:
१. ॲड. गुरुलिंग स्वामी, लातूर (सही)
२. निवृत्ती ज्ञानोबा सोनकांबळे, सेवानिवृत्त निदेशक, नांदेड (सही)

ठिकाण: औसा रोड, लातूर
दिनांक: १४ मे २०११