वर पाहू नको

आई, तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुला काही लिहायला बसले आहे, तेही दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून. सदर भागात समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे जाते मी, मन मोकळं करायला. मला माणसांची भीती वाटते. हसू नको. पंचेचाळिशी आली तरी फोन वाजला की तो बंद होईपर्यंत मी उचलत नाही, ऑफिसात चार जणांपुढे बोलायचं म्हटलं की दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते, आणि कुणाचं लग्न असलं की आदल्या दिवसापासून माझं डोकं दुखायला लागतं. बाईंनी विचारलं, लहानपणी घरात आरडाओरडा असायचा का? म्हटलं, असायचा. मग तुम्ही काय करायच्या? म्हटलं, कांड्या भरायची. त्यांना काही कळेना. मग सगळं पहिल्यापासून सांगत बसले.

सक्करदऱ्याच्या घरात पुढच्या खोलीत माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेली तू, आणि शेजारी चरख्यावर मी, मागावर आडवा धावणाऱ्या तुझ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळत. बाबा ओरडत घरात शिरले की तू मान न उचलता म्हणायचीस, "कांड्या भर वं, वर पाहू नको." मी भरत राहायची. सूत सारखं बसलं पाहिजे एवढंच डोक्यात ठेवायचं, म्हणजे बाकीचं कानावरून निघून जायचं. टोपली भरून वाहायची, आठवडाभर पुरतील इतक्या कांड्या व्हायच्या. शेजारची काकू म्हणायची, "पोरगी पाहा किती शहाणी, आवाज म्हणून नाही तिचा!" आणि तू कशी खूश व्हायचीस, मला आठवतं. एकदाच मी वर पाहिलं. सातवीत असेन. बाबांनी तुझ्या केसांना हात घातला होता, आणि मी ओरडले, "आईले मारू नका!" थोबाडीत बसली ती तुझी, बाबांची नाही. "तुले काहून बोला लागते मधात?" बाबा हसले आणि बाहेर निघून गेले. संध्याकाळी तू गरम पोळीवर गूळ-तूप घालून माझ्यापुढे ठेवलंस. तू मारलंस म्हणून त्यांचा हात थांबला, हे मला आज कळतं. नीट कळतं. पण गाल अजून ते मानत नाही.

त्यानंतर मी बोललेच नाही म्हण ना. नोकरी लागली, बाबा गेले, तरी नाही. आणि मग विणकरांच्या संस्थेनं तुझा सत्कार ठेवला. जिचा सत्कार तिच्या घरचं कुणीतरी चार शब्द बोलेल, असं ठरलं होतं. तू माझ्यापाशी येऊन म्हणालीस, "मले नाही जमत वं. तू शिकेल आहे. बोलशील ना?" अगं, आरशापुढे चार दिवस पाठ केलं मी. आणि त्या सकाळी घरातून लवकर निघून बाहेरून तुला फोन करून सांगितलं की साहेब सुट्टी देऊन नाही राहिले. तू म्हणालीस, "बरं, काम महत्त्वाचं."

आता जे बाईंनाही सांगितलेलं नाही, ते ऐक. मी आले होते. साहेबांना मी सुट्टी मागितलीच नव्हती, सरळ दांडी मारली. हातात डबा, हॉलच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ मी उभी आहे. स्टेजवर तुझ्या खांद्यावर शाल घालतात, हातात नारळ देतात, मग माझं नाव पुकारतात. कुणी उठत नाही. पुन्हा पुकारतात. शेवटी माइक तुझ्याच पुढे येतो. तू तो दोन्ही हातांनी धरतेस आणि तुला शब्द फुटत नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी खुसखुसतं. "माही पोरगी असती तं बोलली असती," तू म्हणतेस, "लय चांगली बोलते ते." आणि आयुष्यभर खाली मान घालून बसलेली तू वर पाहतेस, सरळ दाराकडे. मी खाली वाकले आणि सँडलचा पट्टा लावू लागले. पट्टा लागलेलाच होता गं.

संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी आले, जशी काही ऑफिसातूनच. तू ती शाल माझ्या अंगावर टाकलीस. "घे वं. बरं झालं तू नाही आली, लय गर्दी होती. तू घाबरली असती." म्हणजे माझी भीती तुला ठाऊक होती, आणि तरी तू मला बोलशील ना म्हणून विचारलं होतंस. बाईंना मी सांगितलं की भीतीमुळे गेले नाही. भीती होती, ते खोटं नाही. पण वाकले तेव्हा मनात आलं होतं, आता बोल तू एकटी. त्या थोबाडीचं उट्टं काढलं मी, इतक्या वर्षांनी, भरल्या हॉलात, तुला माइकपुढे सोडून. भीतीच्या नावाखाली ते आजवर खपून गेलं.

पुढच्या वेळी हे बाईंना वाचून दाखवायचं आहे. नाही दाखवणार. काहीतरी कारण सांगेन, तो सराव आहे मला. कागद त्या शालीच्या घडीत ठेवून देते. त्या दिवशी दारात तू मला पाहिलं होतंस का? तू होतीस तोवर विचारायची हिंमत झाली नाही. आज विचारते आहे, कारण आता तू उत्तर देणार नाहीस.