उन्हात वाळवलेले सेल

७ एप्रिल, मंगळवार. डाळज

सहावाही घालून पाहिला. काही नाही. आबांनी कानाचं मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "ह्यो बी मेला."

पत्र्यावर शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या कडेला ताटली. तिच्यात ओळीनं मांडले होते हे सेल, डाळीएवढे. दमलेला एक अन् नवे पाच. नव्यांवरचे कागदी तुकडे सोलून टाकलेले. दोन दिवस ऊन दिलं म्हणे. टॉर्चच्या सेलांना जन्मभर असंच केलं आबांनी.

मी ओरडले. कुणावर? त्यांना ऐकू येत नाही.

दुपारी आईनं बोट हलवलं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून आवाज नुसता श्वासाएवढा. वाकले. "ह्यास्नी बोलव. येक सांगायचंय."

आबा आले. तिचे ओठ हलले. आबा माझ्याकडं बघायला लागले. "काय म्हणती? लिहून दे."

वहीचं पान फाडलं. आईनं मान हलवली. "तू न्हाय. त्यास्नीच."

आबा म्हणाले, "चाळीस वरसं बोलत हुती, तवा म्या म्हणायचो, जरा गप बस."

८ एप्रिल, बुधवार. बारामती

कॉलेजला यावं लागलं. दुकानात त्या नंबरचे सेल नाहीत. "उद्या अकराला या, मॅडम. पुण्याहून मागवतो."

उद्या. डॉक्टर म्हणाले होते, आईचे आता दिवसच उरलेत. किती, ते नाही.

विज्ञानाच्या काळे सरांना विचारलं, टॉर्चचे सेल उन्हानं जागे व्हायचे, हे का मेले? ते प्रयोगशाळेत घेऊन गेले. पातळ आम्ल, त्यात तांब्याची पट्टी, जस्ताची पट्टी. पट्ट्यांना जोडलेल्या मीटरचा काटा उसळला. मग हळूहळू खाली. तांब्यावर बारीक बुडबुडे चिकटले होते. "स्वतःच केलेला वायू स्वतःच्याच वाटेत येतो," सर म्हणाले. ब्रशनं पुसले. काटा वर. थोड्या वेळानं परत खाली.

टॉर्चच्या सेलात काळी पूड असते, ती हा वायू खाते, पण सावकाश. विश्रांती, ऊब मिळाली की थोडी ताकद परत येते. म्हणजे आबा चुकत नव्हते. जस्तात भेसळ असली की ते न वापरताही झिजतं, सेल फुटून टॉर्चमध्ये गळतो. म्हणून टॉर्चमधून सेल काढून ठेवायचे. हेही आबा करायचे.

"कानाचा सेल वेगळा. हवेवर चालतो. कागद सोलला की त्याचं आयुष्य सुरू झालं. ऊन दिलं तर आतला ओलावाच जातो. कागद लागेल तेव्हाच सोला. सोलल्यावर पाच मिनिटं उघडा ठेवा, मग घाला."

घरी फोन केला. काकूंनी उचलला. "हायती. दोन घोट पाणी घेतलं." माझ्या तोंडून नुसतं बरं.

९ एप्रिल, गुरुवार. डाळज

अकराचे साडेबारा झाले. पाकीट मिळालं. भिगवणला एसटी अर्धा तास उभी. ड्रायव्हर चहा पीत होता. त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

तीनला घरी. सोलला. पाच मिनिटं. आबांनी घड्याळ हातात धरलेलं. मशीन कानात घातलं. "बोल." मी म्हटलं, "आबा." त्यांनी मान डोलावली.

आई झोपलेली. हाक मारली, डोळे उघडले नाहीत. श्वास आहे.

आबा खाटेशी बसले. "बोल की गं आता." चार वाजले, पाच, सहा. नाही.

मी सांगितलं, झोपताना मशीन काढा, सेलचं दार उघडं ठेवा, जास्त टिकतो.

"टिकवून काय करू? ती बोलली म्हंजी?"

१० एप्रिल, शुक्रवार. सकाळ

सहाला उठले. आबा बसल्या जागी झोपलेले, मशीन कानात. आईचे डोळे उघडे. ओठ हलत होते. आबांना हलवून जागं केलं. बाहेर आले, दार ओढून घेतलं. पत्र्यावर चढून सेलांची ताटली काढली.