डाळीचं गाणं

अण्णा, आज कॉलेजात उत्तरपत्रिका तपासताना कानात गाणी लावली होती. नांदेडला आता हवं ते गाणं हवं तेव्हा मिळतं. कुणी हटकतही नाही. एका मुलीनं शब्द चुकवला होता, त्याखाली मी लाल रेघ मारली आणि तुमची आठवण आली. मग गाणं बंद केलं.

लातूरच्या डाळमिलमध्ये तुमच्या रेडिओवर एकच स्टेशन नीट लागायचं. मराठी केंद्रावर नुसती खरखर. काटा जरा सरकवला की सीमेपलीकडचं कन्नड केंद्र, स्वच्छ. तुम्ही मशीनवर, शेजारच्या शेडमध्ये डाळ निवडणाऱ्या दहा-बारा बायका आणि मधल्या खिडकीत सेलवर चालणारा तो रेडिओ. मोटार चालू असली की गाणं तुकड्यांनी यायचं. लाइट गेली की मोटार थांबायची आणि गाणं अख्खं ऐकू यायचं. लाइट गेल्यावर माणसं खूश होतात, अशी ती एकच जागा मी पाहिली. "मामा, वाढवा की आवाज," बायका ओरडायच्या. कन्नड कुणालाच येत नव्हतं. बिदरकडच्या व्यापाऱ्यांमुळे तुम्हाला चार शब्द येत. त्यातला एक बेळे, म्हणजे डाळ. नेहमी लागणाऱ्या एका गाण्यात तुम्हाला तो सापडला आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलं, "आपल्या डाळीचं गाणं हाय हे." मग ते शेडचंच गाणं झालं. तो शब्द आला की बायका एका सुरात 'बेळे' म्हणत आणि सुपावर थाप मारत. हे सगळं तुम्ही जेवताना मला सांगायचात, घास हातात तसाच ठेवून.

तो दिवस आठवतो. मी एम.ए.ला आहे. वसतिगृहातल्या मैत्रिणीला घेऊन मिलमध्ये आले आहे. तुमच्या भुवयांवर डाळीचा भुसा आहे आणि तुम्ही तसेच पुढे येता, याची मला लाज वाटते. "माझी लेक. लई शिकायली," तुम्ही बायकांना सांगता. आमच्यासाठी चहा मागवता. तेवढ्यात ते गाणं लागतं. तुम्ही बोट वर करता. सुपांवर थाप पडते. मैत्रीण माझ्याकडे बघते. भाषाविज्ञानाच्या तासाला मी कन्नडचे वीसेक शब्द पाठ केलेले असतात. "अण्णा, ते बेळे नाही. बेळ्ळी आहे. बेळ्ळी म्हणजे चांदी," मी म्हणते. इथं थांबता आलं असतं. "डाळीवर कोण गाणं लिहील?"

मैत्रीण हसली. खिडकीजवळच्या मावशींचा हात सुपातच राहिला. "म्हंजी आपल्या डाळीचं न्हाई व्हय, मामा?" त्यांनी मला नाही, तुम्हाला विचारलं. तुम्ही आधी आवाज कमी केला. "आसंल, माय," तुम्ही मला म्हणालात. "तू शिकलेली. मला काय कळतंय." आणि माझ्या बशीत चहा ओतून दिला, लहानपणी द्यायचात तसा.

तुम्ही गेल्यावर त्या मावशी घरी आल्या होत्या. त्यांनी सहज सांगितलं, "तू आलतीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापून रेडिओ आणलाच न्हाई मामानं. आम्ही लई म्हणलो. म्हणायचे, सेल संपले." त्यानंतर सात वर्षं तुम्ही त्या मिलमध्ये होता. सात वर्षं लाइट जात होती. मी दिवाळीला यायचे, तुमच्यासाठी स्वेटर आणायचे. सेल आणावेत असं सुचलं नाही.

ते गाणं मी पुष्कळ शोधलं. फोनवर सगळी गाणी आहेत म्हणतात. मला ते मिळत नाही. चाल येते, शब्द येत नाहीत. विभागातल्या कन्नड येणाऱ्या एका बाईंना चाल गुणगुणून दाखवली. त्यांना ओळखता आलं नाही. "कुठं ऐकलंत?" त्यांनी विचारलं. "रेडिओवर," मी म्हणाले. तुमचं नाव काढलं नाही.

हे एका कोऱ्या पुरवणीवर लिहिलं आहे. गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून घडी घालून पर्समध्ये ठेवते. एक राहिलं, अण्णा. त्या दिवशी लाइट गेली नव्हती. मोटार चालू होती. तो शब्द मला नीट ऐकूच आला नव्हता.