जाईची पिलं

२१ फेब्रुवारी १९८८, रविवार
मागच्या अंगणात कडुनिंबाखाली जाईचा वेल लावला. यशोदा म्हणाली, तिथं ऊन येत नाही, फाटकाजवळ लावा. म्हटलं, जळगावच्या मे महिन्यात माणसं सावली शोधतात, वेलानं का शोधू नये? ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असणार.

६ मार्च
बुंध्याशी दोन फुटवे. लगेच कापले. बोदवडला आमच्या आबांच्या केळीत लहानपणापासून बघतोय. पिलं वेळेवर काढली नाहीत तर सगळा जोर तीच खातात आणि घड बारीक पडतो. शेती रक्तातच लागते.

१७ एप्रिल
पिलं काढली. नवा विळा आणला.

२२ मे
भयंकर ऊन. यशोदाची फाटकाजवळची तुळस करपली. माझा वेल हिरवागार. मी फक्त तिला दिसेल असा वेलाशेजारी उभा राहिलो.

५ जून
शेजारच्या रुपचंदनानांकडे श्रावणात कानबाई बसते. शब्द देऊन टाकला. यंदा देवीचा हार माझ्या जाईचा, बाजारात सांगायचा नाही. नानांनी डोळे मिटून हात जोडले. भरून आलं असावं.

१० जुलै
पाऊस छान. पिलंच पिलं! ऑफिसातून आलो की रोज छाटणी. खांदा धरलाय. नानांच्या आई भागाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "बठ्ठा पालाच शे रे भाऊ, फूल कोठे शे?" म्हटलं अक्का, आधी सगळा पालाच, मग घड एकदम येतो.

१८ ऑगस्ट
एक कळी नाही. रविवारी कानबाई. डबल युरिया टाकला. जरा धाकधूक वाटते.

२० ऑगस्ट
आबा आले. वेल बघितला, खालचा छाटलेला पाला बघितला. म्हणाले, केळीचं वेगळं, जाईला फूल नव्या फुटव्यावरच येतं. इतके दिवस तू फुलंच कापत होतास. आबांचं आता वय झालं.
विळा माळ्यावर टाकला.

२१ ऑगस्ट, रविवार
सकाळीच सायकल काढून फुलबाजार गाठला. सगळ्या गावात कानबाई, टोपल्या रिकाम्या. पाकळीसुद्धा मिळाली नाही. देवी माझ्यामुळे बिनहाराची राहणार, या विचारानं रडू यायचंच बाकी होतं. माफी मागायला नानांकडे गेलो.
चौरंगावर कानबाई, गळ्यात जाईचा टपोरा हार. नाना म्हणाले, यशोदावहिनींनी पहूरच्या माळ्याला जूनमध्येच सांगून ठेवला होता. तुम्ही शब्द दिलात, त्याच संध्याकाळी.
गेल्या वर्षी तुम्ही झेंडू लावला होता, तेव्हाही हार त्यांनीच सांगितला होता.