लाल पेनाने खोडलेली ओळ

प्रिय एर्मेक,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी कुरणावर, बुर्माकानताईच्या घरी आले आहे. इथून फोन लागत नाही, आणि लागला असता तरी हे कागदावरच हवं.

जूनपासून ताईचा एकही निरोप नव्हता. वसंतात वडिलांच्या खोगिरावरून आमचं वाजलं होतं, म्हणून वाटलं, रुसली असेल. मीही हट्टाने गप्प राहिले. काल पोचले, तर ती दारात उभी राहून माझ्या खांद्यापलीकडे बघत होती. "कोण आहे? उजवीकडे सरक, डाव्या डोळ्याने काही दिसत नाही." मी उजवीकडे सरकले.

मग तिने फोन पुढे केला. बोलून पाठवलेले एक्केचाळीस निरोप. सुरुवातीच्या काहींत मला शिव्या, मग घोडीला शिंगरू झाल्याची बातमी, आणि जुलैतल्या एकात: "सायरा, डोळ्यापुढे काळा पडदा उतरतोय. डॉक्टर म्हणतो, आठवड्याच्या आत शहरात, बिश्केकला दाखवा. राग नंतर धर, आधी ये." प्रत्येकापुढे छोटं घड्याळाचं चिन्ह. एकही निरोप निघालाच नव्हता. "घड्याळ म्हणजे तू कामात आहेस, असंच ना?" ताई म्हणाली. "शहरातली मोठी बाई तू. म्हटलं, मोकळी झाली की येईल."

बाहेर येऊन पाहिलं. आपण जूनमध्ये चालू केलेला मोबाइलचा मनोरा, त्याच्यासमोर पर्यटकांचे तंबू, आणि तंबूंच्या मागे, नेमक्या त्याच रेषेत, हे घर. मनोऱ्याच्या चौसष्ट अँटेना एकाच क्षणी अनेक फोनांशी बोलतात, पण ते वेगवेगळ्या दिशांना असतील तरच. एका रेषेतल्या दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून एकाला थांबवावं लागतं. कुणाला थांबवायचं ते आपला नियम सांगतो: ज्याचा सिग्नल जोरकस तो फोन घ्या, दुबळा थांबवा. तंबूंतले फोन दिवसभर चालू. रात्री ते शांत होतात, पण ताई बॅटरी वाचवायला अंधार पडताच फोन बंद करते. तीन महिने तिची पाळी आलीच नाही. आणि आपल्या तक्त्यात सरासरी वेग किती सुंदर! त्या आकड्यासाठी मी ऑफिसात केक कापला होता.

माझी विद्यार्थ्यांशी बोलण्याची पद्धत तुला ठाऊक आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. या नियमाच्या पहिल्या मसुद्यात तू एक ओळ घातली होतीस: जो जितका जास्त थांबला, त्याचा हक्क तितका वाढवत न्या. ती मी लाल पेनाने खोडली. "सरासरी घसरते," मी म्हणाले. "इथे दया नको, आकडे आण." तू नुसतं "बरं, मॅडम" म्हणालास. शुक्रवारी हाच नियम माझ्या सहीने आणखी साठ मनोऱ्यांवर चढणार आहे. ती सही मी मागे घेते आहे. हा कागद संचालकांपुढे ठेव, माझं नाव झाकू नकोस, आणि तुझी ओळ परत घाल. मी ताईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात चालले आहे. डावा गेला, उजवा तरी राहावा. शुक्रवारआधी ऑफिसात यायला जमणार नाही, म्हणून पत्र आजच्या गाडीच्या चालकाकडे देते. ताई शेजारी बसून विचारते आहे, "याच्यापुढे घड्याळ नाही ना गं येत?"

तुझीच,
सायरागुल