बाजूचा थांबला की आपली पाळी

१२ नोव्हेंबर, मंगळवार

औषधवालीला गाडीने उडवलं. माझ्या चौकात, जिथले सिग्नल मी लावलेत. पट्ट्यांवर चालत असताना, चालणाऱ्यांचा दिवा हिरवा असताना!

हात स्थिर आहे का ते बघायला लिहिते आहे. स्थिर आहे.

ती जिवंत आहे. पाय मोडलाय, कंबरेला मार आहे. चौकाच्या कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान तिचं. माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या ती मी मागायच्या आधी काढून ठेवते. मागच्या आठवड्यात मी तिला काउंटरवर पेन्सिलने काढून दाखवलं होतं – आता आधी तुम्ही निघायचं, गाड्या मागून. सहा सेकंद चारही बाजूंच्या गाड्यांना लाल, फक्त चालणाऱ्यांना हिरवा. गाड्या सुटतील तोवर तुम्ही रस्त्याच्या मध्यावर, सगळ्यांना दिसाल अशा. ती म्हणाली, "म्हणजे आता मुठीत जीव न घेता रस्ता ओलांडायचा म्हणतेस?"

मी हो म्हटलं होतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आधी चौकातली सिग्नलची पेटी उघडली. एकेका दिव्याला मीटर लावून तपासलं. गाड्यांना लाल, चालणाऱ्यांना हिरवा, बरोबर सहा सेकंद. एकही तार चुकीची नाही, एकही दिवा गेलेला नाही. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. सापडलेली चूक दुरुस्त करता येते.

मग नियंत्रण कक्षात बसून चित्रण बघितलं. शेजारी चष्मा होता – माझ्या टेबलाशेजारी बसणारा, सगळं ऑफिस त्याला चष्माच म्हणतं, आता तोही फोनवर 'चष्मा बोलतोय' म्हणतो.

आडव्या रस्त्याचा दिवा लाल होतो. तिकडची बस रेषेवर येऊन थांबते. बस थांबताक्षणी इकडची कुरिअरची व्हॅन निघते. समोर लाल दिवा असताना. हे मला माहीतच होतं, पोलिसांनी सांगितलं होतं. पण व्हॅनच्या शेजारची टॅक्सीही निघते! मागच्या दोन स्कूटरही. समोरच्या बाजूची पांढरी गाडीही. घाई नाही, हॉर्न नाही. सगळे शांतपणे, एकदम, लाल दिव्यावर. औषधवाली वळणाऱ्या व्हॅनच्या वाटेत होती इतकंच.

"पुन्हा लाव," म्हटलं. त्याने लावलं. मग आदल्या दिवशीचं लावलं, त्याच्या आदल्या दिवशीचं. दर वेळी तेच.

मग मी सिग्नलमध्ये हा सहा सेकंदांचा टप्पा घालण्याआधीचं चित्रण काढलं. तेव्हाही हे लोक बाजूची रहदारी थांबली की निघत होते. फक्त तेव्हा लगेच त्यांचा दिवा हिरवा व्हायचा, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मी मध्ये सहा सेकंद घातली आणि त्या फटीत माणसं चालायला लावली.

चष्म्याने चित्रण थांबवलं. मग म्हणाला, "हे नियम मोडत नाहीयेत गं. हे कुठला तरी नियम पाळतायत."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांना 'मॅडमची सहा सेकंदं' बंद करून हवी आहेत. आवाज चढवला नाही त्यांनी. पुस्तकं चांगली असतात, पण आपल्या लोकांना पुस्तक वाचून दाखवायचं कुणी, असं काहीसं म्हणाले. मी सांगितलं, टप्पा बंद केला तर वळणाऱ्या गाड्या आणि चालणारी माणसं पुन्हा एकाच वेळी सुटतील. गेल्या वर्षी तिथे याच कारणाने एक म्हातारे गृहस्थ गेले. साहेब म्हणाले, मंगळवारपर्यंत कारण शोधा, नाहीतर बंद.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये. औषधवालीचा पाय वर टांगलेला. तिने सगळ्यात आधी विचारलं, "हिरवाच होता ना गं? मी बघूनच पाऊल टाकलं होतं."

"हिरवाच होता."

"मग ठीक आहे. नाहीतर आमच्या घरी आयुष्यभर ऐकावं लागेल, ही बघून चालत नाही म्हणून."

आणि हसली. मी तिला पाण्याची बाटली उघडून दिली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही. डोकं दुखतंय. गोळ्या संपल्या, दुकान बंद.

१६ नोव्हेंबर, शनिवार

व्हॅनवाल्याला त्याच्या गोदामात जाऊन भेटले. लायसन्स पोलिसांकडे, म्हणून मालकाने त्याला खोकी चिकटवायला बसवलंय. मला वाटलं होतं हुज्जत घालेल. तो उठून उभाच राहिला, हाताला चिकटपट्टी तशीच. बाई कशा आहेत, पाय वाचेल ना, हे तीनदा विचारलं.

मग जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. "मॅडम, लाल होता हे चित्रण बघून पटलं मला. पण खरं सांगू? मी दिव्याकडे बघितलंच नव्हतं. बस थांबली, मी निघालो. बाजूचा थांबला की आपली पाळी."

हे वाक्य मी ओळखलं. तो बोलायच्या आधी मला शेवटचा शब्द माहीत होता. तरी विचारलं, कुणी शिकवलं?

"म्हणजे काय? मास्तरांनी. तुमच्या बाबांनीच की!"

त्याला वाटलं मला आनंद होईल.

१७ नोव्हेंबर, रविवार

घरी गेले. बाबा अंगणात शिकवणीची गाडी धूत होते. चाळीस वर्षं एकच धंदा – दोन्ही बाजूंना ब्रेकचं पायडल असलेली एक गाडी, आणि शेजारी बसलेले बाबा. या शहरात गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांचा हात त्यांनी धरलाय. सगळे मास्तर म्हणतात. लोकांची लग्नं लागली, पोरंबाळं झाली, ती पोरंही आता यांच्याकडेच शिकतात.

मी पाण्याचा पाइप धरला आणि सरळ विचारलं. तुम्ही मुलांना स्वतःचा दिवा बघू नका असं सांगता?

"बघू नका असं नाही सांगत," बाबा म्हणाले. "दिव्यावर भिस्त ठेवू नका म्हणतो. दिव्याचं काय, तो खांबावर बसून चमकतो. मारते ती गाडी. बाजूची गाडी थांबलेली डोळ्यांनी दिसली की मगच निघायचं. यात वाईट काय आहे?"

वाईट काही नाही. हेच अवघड आहे! ऐकायला हे किती जबाबदारीचं वाटतं. लहानपणी मला याचा अभिमान होता.

मी त्यांना सहा सेकंदांचं सांगितलं. बाजूचा थांबतो, पण पाळी तुमची नसते, माणसांची असते. बाबा फडकं पिळत राहिले, पिळून कोरडं झालं तरी. मग म्हणाले, "त्या बाईला मी गाडी शिकवणार होतो. पुढच्या महिन्यात येते म्हणाली होती."

आई आतून ओरडली, टोमॅटो कुणी आणले? पिशवीत सगळे कच्चे, हिरवेगार. बाबांना भाजी आणायला पाठवायचं नाही हा आमच्या घरचा जुना कायदा आहे; तो मोडला की आई आठवडाभर ऐकवते. एरवी मीही चिडवलं असतं. आज नाही चिडवलं.

येताना त्यांनीच मला गाडीने स्टँडवर सोडलं. आई नेहमीप्रमाणे पुढे, मी मागे. आई गाडीत पुढची जागा कुणाला देत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, मागे. आणि प्रत्येक सिग्नलला तिचं पुटपुटणं – सोडा आता, सोडा. लहानपणी आम्ही म्हणायचो, आमच्या गाडीला दोन ड्रायव्हर आहेत, एक चालवतो आणि एक वैतागते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज ऑफिसला येताना सिग्नलला स्कूटरवर उभी होते. मी आडव्या रस्त्यावरची बस थांबते का ते बघत होते. माझा दिवा नाही, बस! मूठ पिळायच्या बेतात होते.

मी. जिने तो दिवा लावला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. टप्पा चुकलेला नाही, दिवे चुकलेले नाहीत. या शहरात गाडी सोडायची सवयच वेगळी आहे, आणि ती एका माणसाने लावलेली आहे. तो माणूस माझे वडील. शेवटचं वाक्यही बाकीच्यांसारख्याच आवाजात म्हटलं. चष्मा खिडकीबाहेर बघू लागला.

साहेब आधी हसले. "अहो, माझं लायसन्सही मास्तरांच्याच हातचं." मग हसता हसता थांबले. आजच सकाळी आपण सिग्नलला कसे निघालो ते आठवत असणार. चेहऱ्यावर दिसत होतं.

ठरलं ते असं – टप्पा बंद करायचा नाही. चौकात सध्या पोलिस उभा राहील. पुढच्या सोमवारी बस, टॅक्सी, कुरिअर, सगळ्या ड्रायव्हरांना सभागृहात बोलवायचं, आणि मास्तरांनी स्वतः उभं राहून सांगायचं की माझा तो नियम आजपासून विसरा, आपला दिवा बघा. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकणार नाहीत. नंतर बसमध्ये बसवून एकेकाला करूनही दाखवायचं. आठवडाभरात फरक दिसला तर टप्पा राहील. नाही दिसला तर साहेब स्वतः येऊन बटण दाबणार.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगेन. शिकवलंय मी, तर मलाच पुसायला पाहिजे."

इतकं सरळ हो म्हणतील असं वाटलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटलमध्ये औषधवालीने सांगितलं – काल मास्तर येऊन गेले. स्टुलावर बसून राहिले. आणलेलं सफरचंद स्वतःच कापलं, स्वतःच अर्धं खाल्लं, इतकं कुठेतरी लक्ष. जाताना म्हणाले, माझ्यामुळे झालं हे. ती म्हणाली, मास्तर, तुम्ही तर तिथे नव्हता. तर म्हणाले, मीच होतो, प्रत्येक गाडीत.



संध्याकाळी आईचा फोन. आवाज नेहमीचा नाही. म्हणाली, त्यांना त्या सभेत उभं करू नकोस. बोलायला लाव हवं तर, पण ते बसमध्ये करून दाखवायचं वगैरे नको. का? तर वय झालंय. मी म्हटलं, परवापर्यंत रोज सहा मुलांना शिकवत होते तेव्हा वय नव्हतं? एक बाई पाय टांगून पडली आहे, आणि आपल्याला बाबांच्या मानाची काळजी? आई म्हणाली, मान नाही गं. मग काय? तर म्हणे, जाऊ दे.

मी फोन ठेवला. असा कधी ठेवत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सभेची तयारी पूर्ण. चष्म्याने चित्रणाचे तुकडे जोडले. व्हॅनवाला म्हणाला, मीही येतो, पहिल्या रांगेत बसतो, लोकांनी बघायचं तर बघू दे.

उद्या सकाळी रस्ता मोकळा असेल तेव्हा बाबांबरोबर चौकात एकदा सराव करायचा. आपला दिवा बघायचा, हिरवा झाला की निघायचं. पाच मिनिटांचं काम.

२४ नोव्हेंबर, रविवार

आईला म्हटलं, आज तू मागे बस, मला बाबांशी बोलायचंय. ती पुढच्या दाराला हात लावून उभी राहिली, मग मागे बसली.

चौकात आमची गाडी पहिली. कोवळं ऊन थेट दिव्यांच्या काचांवर, तिन्ही सारख्याच चमकत होत्या, फरक फक्त रंगाचा. आडवा रस्ता रिकामा – थांबायला एकही गाडी नाही. मी म्हटलं, बाबा, बाजूला नका बघू, फक्त आपला दिवा. ते समोर बघत राहिले. चालणारे गेले. दिवा हिरवा झाला. बाबा निघाले नाहीत. मागून हॉर्न. पुन्हा हॉर्न. मला वाटलं चेष्टा करतायत, मी हसले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"कुठला पेटलाय गं?" त्यांनी विचारलं.

मला पिशवीतले ते हिरवेगार टोमॅटो आठवले.

"खालचा," आई मागून म्हणाली. "सोडा आता."