कौलावरचे सेल

आबा, मी सकाळपासून चौथ्यांदा गॅलरीत जाऊन आले. नातीने तिथे एक दिवा ठेवलाय, तळहाताएवढा. दिवसभर ऊन खातो आणि अंधारात जळतो म्हणे. उद्या ती मैत्रिणींबरोबर कर्नाळ्याच्या पायथ्याला तंबूत राहायला जाणार आहे. कपाळाला बांधायची बॅटरी, फोन चार्ज करायचा डबा, शिट्टी, सगळं कॉटवर मांडलंय. "आजी, ऊन उतरलं की दिवा आत घे हं," एवढं सांगून ती बाजारात गेली आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही. हेच काम लहानपणी एकदा माझ्या हातून राहिलं होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपली दोन सेलची बॅटरी आठवते ना? खाडीच्या बांधावर वारा कंदील टिकू देत नसे, म्हणून पनवेलच्या घड्याळवाल्या भाईंनी ती तुमच्या हातात कोंबली होती. "उधाणाच्या वक्ताला हीच कामाची, दोस्त." तुम्ही दोघं बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून एका कपातला चहा बशीत वाटून घ्यायचात. मला ते उडालेला बल्ब खेळायला द्यायचे. घरात मात्र बॅटरीला हात लावायची सोय नव्हती. चालते का ते बघायलासुद्धा तुम्ही ती पेटवत नव्हतात. "हा उजेड बांदावरचा हाय," म्हणायचात. सेल मंदावले की पडवीच्या कौलावर उन्हात घालायचे, म्हणजे पुन्हा जोर धरतात, असं आपलं सगळं गव्हाण गाव मानायचं. आपल्या घरी ते काम माझं. दिवेलागणीआधी आत घ्यायचं कामही माझंच.

त्या दिवाळीत भाईंनी नवी जोडी दिली, बल्बला लावून, पेटवून दाखवून. नव्या सेलांना उन्हाची काय गरज? पण मला वाटलं, घातले तर आणखी ताकद येईल. दहा वर्षांच्या पोरीचं शहाणपण! घातले, आणि शेजारी करंज्या तळत होत्या तिकडे पळाले ती विसरलेच. सकाळी आठवलं तेव्हा रात्रभरच्या दवाने त्यांचे पुठ्ठे भिजून मऊ झाले होते. परकराला पुसले आणि गुपचूप बॅटरीत सरकवले. त्याच संध्याकाळी तुम्ही अवसेच्या उधाणाला बांध बघायला निघालात.

थांबा, दिवा बघून येते. अजून ऊन आहे.

तुम्ही सकाळी परतलात तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. बांधाच्या मध्यावर बॅटरी लाल झाली आणि विझली, म्हणालात. खेकड्याच्या बिळातून झिरपणारं पाणी दिसलंच नाही. पहाटेपर्यंत बांधाला खांड पडली आणि कापणीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं. आई चुलीपुढून उठली नाही. तुम्ही तोंडही न धुता माझा हात धरून पनवेलला चालत निघालात.

भाईंच्या फळीवर तुम्ही सेल आपटलेत. "शिळा माल दिलास मला. दोस्त म्हणून घेतला, नि तू माझं शेत बुडवलंस." बाजार थबकून बघत होता. भाईंनी एक सेल उचलला, नखाने पुठ्ठा उकलला. तो अजून ओला होता आणि त्याला कौलाची लाल भुकटी चिकटली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग ते हळूच म्हणाले, "माफ कर, दोस्त. माल खराब निघाला असेल." नवी जोडी पुढे केली, ती तुम्ही घेतली नाहीत.

त्यानंतर तुम्ही ती फळी चढला नाहीत. ईदचा शीरखुर्मा यायचा थांबला. पुढे मी पनवेलच्या शाळेत जायला लागले तेव्हा भाईंचं दुकान आलं की रस्ता ओलांडायचे. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या दिवसांना ते आले होते, अंगणातच उभे राहिले, आईला हात जोडून गेले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बोलले नाही. आता तेही नाहीत. मला लाज वाटते, आबा. इतक्या वर्षांत ती जराही कमी झालेली नाही.

बॅटरी माझ्याकडेच आहे. नळकांडं आतून गंजलंय. तुम्हाला हे लिहितेय तो कागद गुंडाळला तर सेलांच्या जागी बरोब्बर बसेल. तिथेच ठेवीन.

आत्ताच नातीचा फोन आला. "आजी, दिवा आत घेतलास ना?" मी पटकन "हो" म्हणाले. दिवा बाहेरच आहे. आता उठेन, घेईन, पण तोंडातून निघालं ते हो.

त्या संध्याकाळीही तसंच निघालं होतं. तुम्ही उंबऱ्यात होतात, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात कंदील. म्हणालात, "काल कौलावर घातलं व्हतंस ते सेल सांजेला आत घेतलंस ना? नाय तर ह्यो कंदील नेतो." मी "हो" म्हणाले. आणि तुम्ही कंदील परत खुंटीला अडकवलात.